संत्रं, मोसंबी की लिंबू?

हातगाडीसमोर उभं राहून ‘कशात सी जीवनसत्त्व जास्त?’ हा हिशेब करत बसू नका. संत्रं काय, मोसंबी काय, शंभर ग्रॅममागे साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मते दिवसाला बाईला ६५ आणि पुरुषाला ८० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे दोन फळांत विषय संपला. शिवाय इंटरनेटवर ‘ऑरेंज’चे म्हणून जे आकडे दिसतात, ते मोसंबीला जास्त लागू पडतात. तिकडचं ‘ऑरेंज’ म्हणजे गोड संत्रं; मोसंबी ही त्याच्याच जातकुळीतली, आपलं नागपुरी संत्रं मात्र मँडरिन, म्हणजे सैल सालीची वेगळी जात. आणि नुसतं सीच हवं असेल तर शेजारच्या टोपलीतला पेरू उचला; या दोघांच्या चौपट तरी भरतो.

खरा फरक सालीत आहे. संत्र्याची साल सैल, अंगठा घातला की सुटते, म्हणून ते फोडी करून खाल्लं जातं. फोडीवरचे पांढरे धागे लहानपणी आम्ही एकेक करून काढत बसायचो. त्यांत चोथा असतो, हेस्पेरिडिन नावाचं अँटिऑक्सिडंटही असतं. आता धाग्यांसकट खातो. मोसंबीला सुरी लागते, म्हणून ती थेट ज्यूसवाल्याकडे जाते. ग्लासभर रसाला तीन-चार मोसंब्या पिळल्या जातात. साखर सगळ्यांची पोटात, चोथा सगळा बादलीत. घरात मधुमेही असेल तर संत्रं घ्या. मोसंबीच आवडत असेल तर सोलून, बेतानं.

मोसंबी सरस ठरते ती पित्तवाल्यांसाठी. आंबटपणा कमी, त्यामुळे तापातून उठलेल्याला किंवा तोंड आलेल्याला ती सोसते. आजाऱ्याला भेटायला जाताना पिशवीत मोसंबीच असते, ते उगाच नाही.

पण रोजच्या जेवणात मी लिंबाला वरचा नंबर देईन. पालेभाजी, मटकी, पोहे यांतलं लोह शरीराला सहजी मिळत नाही. त्याच घासाबरोबर सी गेलं तर ते जास्त शोषलं जातं. रक्त कमी असलेल्या बाईला महागड्या ज्यूसपेक्षा ताटातली लिंबाची फोड उपयोगी. फक्त लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा, उष्णतेनं सी जातं. आणि जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो. ज्यांना कॅल्शियमचे मुतखडे पुन्हापुन्हा होतात, त्यांना लिंबातलं सायट्रेटही कामाचं; सरबत मात्र साखर-मीठ आवरून, भरपूर पाण्यात.

सर्दी होऊ नये म्हणून खात असाल तर अपेक्षा कमी ठेवा. नियमित सी घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर आटोपते, टळत नाही.

गणपतीच्या सुमारास दिसणारं पपनस चवीला झकास, पण कोलेस्टेरॉलच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांचं प्रमाण त्यामुळे रक्तात वाढू शकतं. गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर संत्र्या-मोसंबीबद्दलही विचारा, कारण त्यांतलं पोटॅशियम अशा मूत्रपिंडांना नीट बाहेर टाकता येत नाही.

आमच्याकडे आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेर फुलणारी) संत्री दिवाळीच्या आसपास येतात, मृगाची (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारी) फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा संत्रं. मधल्या दिवसांत मोसंबी, तीही सासऱ्यांपुरती. लिंबं बारा महिने, उन्हाळ्यात दहा रुपयांना दोन झाली तरी.