बोअर घेताय? रॉड मोजल्याशिवाय एक रुपया देऊ नका

माझे ४६,३५० रुपये बुडाले. बुडवले बोअरच्या एजंटनं, आणि लोक मात्र मलाच विचारतात, "तुमचं लक्ष कुठं होतं?" जालना जिल्ह्यात माझी तीन एकर मोसंबी आहे. एप्रिलात विहिरीनं तळ गाठला, पानं वळायला लागली. लेकरासारखी वाढवलेली बाग डोळ्यांदेखत वाळत असताना कागदं तपासत कोण बसतं?

एजंट शेजारच्या गावचा, ओळखीतला. जमिनीखालचं पाणी कुठं आहे ते सांगणारा पाणाड्याही त्यानंच आणला, त्याचे २,१०० वेगळे. "भूजल खात्याची परवानगी मी काढतो, तुम्ही काळजी करू नका," म्हणून ७,५०० आधीच घेतले. पावती नाही. बोअर खोदायची गाडी आली रात्री. दिवसा दुसरीकडं काम आहे म्हणाला. रात्रीच का, ते आता कळतंय.

केसिंग, म्हणजे वरची माती ढासळू नये म्हणून बोअरमध्ये घालायचे पाईप, उतरवताना मला पलीकडं ट्रॅक्टरचा लाईट धरून उभं केलं. चार पाईप टाकले म्हणून सांगितलं, पण दोन निळे पाईप गाडीवर तसेच होते. विचारलं तर "ते पुढच्या कामाचे." नंतर मध्यरात्र उलटल्यावर, "दादा, पोरं दमलीत, चहा तेवढा आणा ना." घर वावरापासून लांब. किटली घेऊन परत येतो तो रॉड, म्हणजे एकाला एक जोडून खोदत नेतात त्या लोखंडी नळ्या, वर काढायला सुरुवात झालेली. म्हणे सहाशे वीस फूट झाले, पाणी लागलं! रॉड वीस फुटी. म्हणजे एकतीस रॉड खाली गेलेले असायला हवेत. गाडीवर किती उरलेत एवढं तेव्हाच बघितलं असतं तर सगळं तिथंच उघडं पडलं असतं. पण अंधार, धुरळा, कॉम्प्रेसरचा कानठळ्या बसवणारा आवाज, आणि त्यात पाणी लागल्याचा आनंद. त्या क्षणी कुठलाही शेतकरी मोजत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. चहाला पाठवतात ते त्यासाठीच. गाडी चालू असताना बोअरवरून हलू नका, चहा घरच्यांना आणू द्या.

बिल वहीच्या पानावर. ६२० फूट, १०५ च्या दरानं ६५,१००. केसिंग ८० फूट, ४२० नं ३३,६००. सगळं रोख.

मोटार सोडताना ती ४०० फुटांच्या आसपास टेकली. एजंट म्हणाला, वरची माती ढासळून गाळ बसलाय. ही पळवाट त्यांनी आधीच ठरवलेली असते. मी आणखी २,५०० घालून बोअरमध्ये कॅमेरा सोडला. पडद्यावर स्पष्ट दिसलं: चाळीस फुटांवर केसिंग संपलेलं, आणि ४१० फुटांवर तळाला अखंड काळा पाषाण. गाळ नाहीच. २१० फूट खोदलेच नव्हते. त्याचे २२,०५०, न टाकलेल्या केसिंगचे १६,८००, आणि परवानगीचे ७,५००. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागून घ्या, तेवढाच पुरावा हातात राहतो.

भूजलच्या कार्यालयात गेलो तर माझ्या नावानं अर्जच नव्हता. "आम्ही सर्वेक्षण करतो, कारवाई तहसीलची." तहसीलनं पोलिसांकडं पाठवलं. पोलीस म्हणाले, व्यवहार दिवाणी आहे. आणि मग नोटीस आली, तीही मलाच! बोअर गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत, विनापरवानगी. नियम योग्यच आहे. ती विहीर आटली तर माझ्याही घरचे हंडे रिकामे राहतील. पण ज्या महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ खाली मला नोटीस आली, जो २०१४ पासून लागू आहे, त्यातच बोअरच्या गाड्यांची नोंदणीही सांगितली आहे. अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंदी आणण्याची तरतूदही त्यातच आहे. मग शिवारात रात्रभर दणदणाट करत फिरणाऱ्या गाड्या कुणालाच कशा दिसत नाहीत? शेतकऱ्याचा सातबारा सापडतो, गाडीचा मालक सापडत नाही? २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. तेवढं होऊनही टँकर मंजूर करायच्या बैठका होतात, उद्घाटनाला पुढारी येतात, आणि जमिनीखालचं पाणी उपसणाऱ्यांना विचारणारं कुणी नसतं. हिवरे बाजारला ग्रामसभेनं शेतीसाठी बोअर बंद केले, तिथं पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरतात. असल्या एजंटला तिथं कोण उभं करेल? आमच्याकडं ग्रामसभेत हा विषय काढला तर गावातलेच दोघं-तिघं अंगावर आले. त्यांचं कमिशन असणार, दुसरं काय!

परवानगी कुणाच्या हातून काढू नका, स्वतः जाऊन लेखी घ्या. गाडीच्या नोंदणीचा कागद आधी मागा, नसेल तर गाडी वावरात शिरू देऊ नका. पैसे बँकेतून द्या. केसिंगचे पाईप जमिनीवर उतरवून मोजा, मगच खाली सोडू द्या.

मी आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची. ज्यांच्याकडं असलंच वहीच्या पानावरचं बिल असेल त्यांनी ते फाडू नये, अक्षर जुळवायला उपयोगी पडतं.