नाल ठोकावी की खूर उघडा ठेवावा?

माळेगावच्या यात्रेत घोडा घेणारे आधी दात बघतात, मग चाल. खूर उचलून बघणारा एखादाच.

लग्नसराईत वरातीची घोडी रोज डांबरावर नाचते. तिथं खूर वाढतो कमी, झिजतो जास्त. अशा घोडीला नाल हवीच. पण नाल बसली की झीज थांबते, वाढ थांबत नाही. महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर खूर वाढतोच. नालबंद दोन-तीन महिने फिरकला नाही, तर पुढचं टोक लांबतं आणि मागच्या शिरांवर ताण येतो.

उघड्या खुराला ४ ते ६ आठवड्यांनी कानस मारून कडा गोल कराव्या लागतात. तळवा उगाच कोरायचा नाही. पाऊल टेकताना खूर किंचित पसरतो, धक्का जिरतो. लोखंडात जखडलेला खूर तेवढा पसरत नाही. मात्र नाल काढल्यावर घोडा खड्यांवर बिचकत चालतो. वरून खालपर्यंत नवा खूर यायला ९ ते १२ महिने लागतात, आणि मालकाचा धीर बहुतेक त्याआधीच सुटतो!

आपल्याकडं खरी परीक्षा पावसाळ्यात. काळ्या रानातला चिखल तळव्यात घट्ट बसतो, मधला मऊ त्रिकोणी भाग कुजतो, बोट लावलं तरी घाण वास येतो. नाल असो-नसो, हे होतंच. पण उघडा खूर साफ करायला सोपा.

मुरमाड वाटांवर फिरणाऱ्या घोड्याला मी नाल ठोकणार नाही. वरातीच्या घोडीला सराईपुरती ठोकावी, पावसाच्या तोंडाशी काढून टाकावी.