पोराच्या मॅचसाठी घेतलेली 55-250 लेन्स : पैसा वसूल, पण ऊन असेपर्यंतच

कोल्हापुरात पोरगा फुटबॉलच्या नादाला लागला नाही असं सहसा होत नाही, त्यामुळं दर रविवारी टचलाइनला उभं राहून मोबाइलवर मुंगीएवढी पोरं टिपायचा वैताग आला आणि शेवटी कॅननची 55-250 एसटीएम ही झूम लेन्स सेकंडहँड उचलली. वजन 375 ग्रॅम, मान धरत नाही. क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) 250 ला 400 एमएमएवढा आवाका मिळतो, म्हणजे अर्ध्या मैदानापर्यंत काम मस्त, पलीकडच्या गोलचा नाद सोडा.

शटर 1/1000 सेकंद, फोकस सर्व्होवर (म्हणजे पळत्या पोरामागं फोकस आपोआप फिरतो), आणि सरळ खाली मांडी घालून बसायचं, उभ्यानं काढले की नुसती डोकी आणि माती येते राव. परवा एक हेडर घावला, बॉल कपाळावर चपटा झालेला, पोराचे डोळे गच्च मिटलेले, बुटाची लेस सुटलेली. लई भारी!

फुल झूमला अपर्चर (उजेड आत घेणारं भोक) 5.6 च्या वर उघडत नाही, त्यामुळं साडेपाचनंतर आयएसओ (उजेड वाढवून घ्यायचं सेटिंग) 6400 वर जातो आणि फोटो रव्यासारखा दाणेदार. सेकंड हाफला मी आपला पॅक करून शेंगा खात बसतो. सकाळच्या मॅच असतील तर डोळे झाकून घ्या.