घड्याळासह डाव वाचताना : जळगावातील एका बुद्धिबळ वर्गाविषयी

ग्रँडमास्टर पटासमोर बसून नेमका काय विचार करतो, हे शिकवू पाहणारे वर्ग आणि ध्वनिचित्रफिती आज पुष्कळ आहेत. जळगाव शहरात रविवारी सकाळी भरणारा हा वर्ग मला त्या सर्वांहून वेगळा वाटला तो तेथील एका नियमामुळे. डाव शेवटच्या खेळीपर्यंत पाहून होईस्तोवर संगणकाचे मूल्यमापन तेथे कोणालाही दाखवले जात नाही. प्रशिक्षकांना प्रसिद्धी नको असल्याने वर्गाचे नाव येथे देत नाही. मात्र शहरातील स्पर्धांना जाणाऱ्या कोणत्याही खेळाडूकडे चौकशी केल्यास पत्ता मिळेल.

पद्धत अशी आहे. एखाद्या मोठ्या स्पर्धेतील चुरशीचा डाव पडद्यावर घेतला जातो आणि प्रत्येक जण आपल्यासमोरच्या पटावर तो मांडत जातो. निर्णायक वळण आले की प्रशिक्षक थांबतात आणि त्या क्षणी दोन्ही खेळाडूंच्या घड्याळात किती वेळ उरला होता, हे जेथे नोंद उपलब्ध असेल तेथे फळ्यावर लिहितात. मग मोहऱ्यांना हात न लावता, प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या खेळीमागचा हेतू आणि आपल्या मनात आलेल्या खेळ्या वहीत उतरवायच्या असतात. प्रत्यक्ष खेळली गेलेली चाल त्यानंतरच कळते. मात्र प्रशिक्षक केवळ निर्णायक ठिकाणीच थांबतात असे नाही. साध्या, काहीही विशेष नसलेल्या ठिकाणीही ते तितक्याच गांभीर्याने थांबतात, आणि माझ्या मते या वर्गाची खरी किंमत तेथेच आहे. कोडे सोडवताना पटावर काहीतरी दडलेले आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असते. स्पर्धेत ते सांगायला कोणीही येत नाही.

ही गोष्ट मला सर्वाधिक पटली ती २०१४ सालच्या सोची येथील जगज्जेतेपदाच्या लढतीतील सहाव्या डावाच्या वेळी. गुण अडीच-अडीच असे बरोबरीत होते, तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन याच्याकडे पांढरी मोहरी होती आणि वजिरांची लवकर मारामारी (दोन्ही बाजूंनी एकमेकांचा वजीर मारणे) झाल्यावर विश्वनाथन आनंद यांची स्थिती कष्टाची झाली होती. २६व्या खेळीला कार्लसनने राजा डी-२ या घरावर नेला, आणि ती गंभीर चूक होती. काळ्या घोड्याने ई-५ वरचे प्यादे मारले असते, तर त्याच्या मागच्या हत्तीची रेषा खुली झाली असती. पांढऱ्याने तो हत्ती मारलाच, तर घोडा शह देत दुसरे प्यादे घेऊन, पुन्हा शह देऊन मोकळा झाला असता आणि मग हत्तीची परतफेड झाली असती. कार्लसनला आपली चूक खेळी केल्याबरोबर उमगली होती. आनंद यांनी मात्र फार वेळ न घेता, आधीपासून योजलेले कडेचे प्यादे ए-४ वर सरकवले, संधी निसटली आणि ३८ खेळ्यांत तो डाव ते हरले.

प्रशिक्षकांनी ही स्थिती कोणतीही सूचना न देता समोर ठेवली, तेव्हा बहुतेक वह्यांत ए-४ हीच खेळी आली. त्यानंतर झालेली चर्चा मी ऐकलेल्या बुद्धिबळाच्या चर्चांपैकी सर्वांत उपयोगी होती, कारण ‘एवढे साधे कसे दिसले नाही’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘त्या क्षणी मन कोठे गुंतले होते’ हा प्रश्न तेथे घेतला गेला. दबावाखाली बचाव करणारा खेळाडू स्वतःच्या योजनेला धरून बसतो, आणि कार्लसनसारखा प्रतिस्पर्धी समोर असताना त्याच्याकडून भेट मिळेल अशी अपेक्षाच मनात नसते. अपेक्षा नसली की नजर तेथे जात नाही. पाच वेळा जगज्जेता ठरलेल्या खेळाडूच्या बाबतीत हे घडू शकते, हे समजल्यावर समोरच्याच्या प्रत्येक खेळीनंतर पट नव्याने पाहण्याच्या सवयीचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्याच्या शेजारी दुसरा डाव ठेवला होता तो १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला झालेला, गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतील चौदावा व अखेरचा डाव. बरोबरी जवळजवळ निश्चित मानली जात होती; पटावर प्रत्येकी एक हत्ती, एक उंट आणि मोजकी प्यादी उरली होती, आणि डिंगच्या घड्याळात गुकेशच्या मानाने बराच कमी वेळ होता. ५५व्या खेळीला पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या डिंगने हत्ती एफ-२ वर आणून मारामारीची तयारी दाखवली. ही चूक आहे हे पहिल्या क्षणी आपल्याही लक्षात आले नव्हते, असे गुकेशने नंतर सांगितले आहे. मग ए-८ च्या कोपऱ्यातला पांढरा उंट त्याच्या नजरेत भरला. हत्तींची मारामारी झाल्यावर काळा उंट डी-५ वर आला की उंटांची मारामारी टळत नव्हती आणि उरलेला राजा-प्याद्यांचा डाव काळ्याच्या बाजूने झुकत होता. हे गणित हत्तीला हात लावण्यापूर्वीच पूर्ण व्हायला हवे होते, कारण नंतर मागे फिरता येत नाही. प्रशिक्षकांनी वर्गाला ही शेवटची स्थिती मनातल्या मनात मांडून खात्री करायला लावली, आणि त्यासाठी पुरेसा वेळही दिला. ५८व्या खेळीला डिंगने हार मान्य केली. दोन्ही डाव लागोपाठ पाहिल्यामुळे, मनात ठरलेली खेळी करण्याआधी क्षणभर थांबणे म्हणजे काय, हे अतिशय स्पष्ट झाले.

मोठ्याने विचार करण्याचा भागही उत्तम आहे. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट यांनी अलेखिन, केरेस, यूव यांच्यासारख्या खेळाडूंना स्थिती दाखवून त्यांचे विचार बोलून दाखवायला सांगितले होते, आणि ग्रँडमास्टर इतर चांगल्या खेळाडूंपेक्षा फार अधिक खोल मोजत नाहीत, मात्र मोजण्याजोग्या खेळ्या त्यांना लवकर दिसतात, असे त्यांना आढळले. येथे एक विद्यार्थी बोलतो आणि शेजारचा ते टिपून घेतो. प्रशिक्षकांनी घरच्या भाषेत बोलण्याची मोकळीक दिली आहे, त्यामुळे अमळनेरहून येणारा एक मुलगा प्रत्येक खेळीनंतर स्वतःला ‘त्याले काय जोयजे?’ (त्याला काय हवे आहे?) असे विचारत अहिराणीत विचार करतो आणि त्याचे विश्लेषण वर्गात सर्वांत नेटके असते.

काही उणिवा स्पष्टपणे नोंदवायला हव्यात. डाव संपल्यानंतर संगणकाचे आकडे दाखवण्याचा भाग घाईने उरकला जातो. आपण लिहिलेली खेळी नेमकी कशामुळे चुकली, हे प्रत्येकाला कळत नाही आणि ते घरी जाऊन शोधावे लागते. टिपणे इंग्रजीतच छापलेली असतात. खोली लहान आहे, पटांमध्ये अंतर कमी आहे आणि उन्हाळ्यात, वीज गेलेली असताना, तेथे दोन तास एकाग्र राहणे कठीण होते. आठ-नऊ वर्षांची मुले आणि मानांकित प्रौढ खेळाडू एकत्र बसवल्यामुळे लहान मुले कंटाळतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र तुकडी केली पाहिजे, हे मी प्रशिक्षकांनाही सांगितले आहे.

शुल्क पुण्या-मुंबईच्या शिबिरांच्या मानाने बरेच कमी आहे. नाशिकने विदित गुजराथी आणि नागपूरने दिव्या देशमुख असे ग्रँडमास्टर दिले, पण मधल्या आपल्या पट्ट्यातील मुलांना अशा विश्लेषणासाठी बाहेरगावी जावे लागत असे, म्हणून हा वर्ग टिकावा असे मला मनापासून वाटते. जे किमान काही स्पर्धा खेळले आहेत आणि ज्यांना खेळ्या लिहिता-वाचता येतात, त्यांनी तेथे अवश्य जावे. नुकत्याच चाली शिकलेल्यांनी आणखी काही काळ थांबावे. सुरत-भुसावळ मार्गावरील नंदुरबार, अमळनेर, धरणगाव येथील पालकांना गाडीने सकाळी येऊन त्याच दिवशी परतता येते. पहिल्या खेपेला स्वतःचा पट आणि कोरी वही सोबत न्यावी, कारण तेथील पट अनेकदा अपुरे पडतात.