डीम्ड कन्व्हेयन्सच्या वकीलबाई : चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

आमची डोंबिवली पूर्वेची सोसायटी १९९४ ची, चोवीस फ्लॅटची. बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर कधी केलीच नाही. अशा वेळी सरकारी आदेशाने ती करून घेता येते, तेच डीम्ड कन्व्हेयन्स. रीडेव्हलपमेंटचा विषय निघाला तेव्हा कुठे सगळ्यांना जाग आली. मी सेक्रेटरी, म्हणजे धावपळ माझीच.

वकीलबाई सापडल्या त्या मंडळाच्या हॉलमध्ये. दर शनिवारी संध्याकाळी तिथे बसून त्या फुकट सल्ला देतात. रांगेत बहुतेक म्हातारी माणसं. माझ्या पुढच्या आजोबांना त्या सांगत होत्या, "नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, काका. मृत्युपत्र करून ठेवा." मी तिथेच ठरवलं.

आधी भेटलेल्या एका वकिलाने आकडा सांगून "होऊन जाईल" म्हटलं होतं. बाईंनी आकडा सांगितलाच नाही, चोवीसही करारनामे आणि इंडेक्स-२ (दस्तनोंदणीचा उतारा) मागितले. आमच्याकडे निघाले एकोणीस. उरलेले जमवण्यात दोन महिने गेले. एक कुटुंब तर नाशिकला गेलेलं. मग बाईंनी पेन्सिल घेऊन सातबारा आणि करार शेजारी शेजारी ठेवले. करारात हिस्सा नंबर ३, सातबाऱ्यावर ३/२. मधे पोटहिस्सा पडला होता आणि तीस वर्षांत कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. "आदेशात चुकीचा नंबर आला असता, तर रजिस्ट्रेशनला जाऊन अडकला असतात." मला विचाराल तर फी इथेच वसूल झाली.

पुढची वाट ठरलेली: मोफा १९६३ (महाराष्ट्राचा फ्लॅट-मालकी कायदा) चं कलम ११, नमुना ७ मधला अर्ज, २००० रुपये कोर्ट फी, ठाण्याचे जिल्हा उपनिबंधक. कायद्यात मुदत सहा महिन्यांची, आम्हाला लागले नऊ. बिल्डरचा वकील दोनदा तारीख घेऊन गेला. तिसऱ्या वेळी बाई शांतपणे उभ्या राहिल्या आणि बिल्डरने काढलेल्या एफएसआयच्या (जागेवर किती बांधकाम करता येतं त्याच्या) वादाचा इथे संबंध नाही, एवढंच म्हणाल्या.

आता तक्रार. फोन उचलत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपचं उत्तर रात्री अकराला येतं, तेही तीन शब्दांचं. ते चालवून घेतलं. पण चार फ्लॅटचे करार कमी मुद्रांकावर होते. आदेश हातात आल्यावर कन्व्हेयन्सचा दस्त अभिनिर्णयाला (मुद्रांक शुल्क ठरवून घ्यायला) गेला, तेव्हा फरकाची रक्कम आणि वर दरमहा दोन टक्के दंड समोर आला. त्या चौघांनी रात्री माझं दार वाजवलं. करार तर बाईंनी सुरुवातीलाच पाहिले होते. मी तसं बोललो, त्यांनी चूक मान्य केली आणि शेवटच्या हप्त्यातून थोडी रक्कम सोडली.

जाता जाता, भाच्याने मित्राबरोबर केटरिंगची भागीदारी केलीय, नुसत्या नोटरी कागदावर. तो कागद त्यांना दाखवला. "फर्म नोंदवलेली नसेल तर थकलेल्या बिलासाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही," म्हणाल्या. भाच्याने दुसऱ्याच दिवशी नोंदणीचा अर्ज केला.

दस्त कल्याणला नोंदला गेलाय. फेरफार अजून तलाठ्याकडे आहे. त्याचं विचारायला परवा पुन्हा शनिवारच्या रांगेत उभा होतो, कारण तिथे त्या हमखास भेटतात.