मुलींच्या मासिकाचं मुखपृष्ठ: गजबजलेलं, मोकळं की चित्राचं?

तेरा ते अठरा वयाच्या मुलींसाठी अंक काढायचा असेल, तर मुखपृष्ठाच्या तीन वाटा समोर असतात. पहिली 'सेव्हन्टीन'ची: मोठा चेहरा आणि भोवती मथळ्यांची दाटी. दुसरी 'टीन व्होग'ची: तोच चेहरा, पण मथळे तुलनेने कमी. तिसरी 'न्यू मून'ची: फोटोऐवजी चित्र. तिन्ही नावं अमेरिकेतली आहेत, कारण तिथे मुलींच्या मासिकांचा बाजार मोठा होता आणि तिन्ही पद्धतींचे फायदे-तोटे तिथे वर्षानुवर्षं दिसले. यातली कोणती घ्यायची हे संपादकाच्या आवडीपेक्षा एका गोष्टीवर ठरवा: मुलीला तुमचा अंक पहिल्यांदा कुठे दिसणार आहे? स्टॉलवर, शाळेच्या वाचनालयात की फोनच्या पडद्यावर?

गजबजलेलं मुखपृष्ठ

'सेव्हन्टीन' सप्टेंबर १९४४ मध्ये सुरू झालं. २००० नंतरच्या दशकात त्याच्या मुखपृष्ठाचा साचा ओळखीचा झाला होता: कमरेपर्यंतचा फोटो, थेट वाचणारीकडे पाहणारे डोळे, मोकळं हसू, मासिकाच्या नावावर थोडं चढलेलं डोकं आणि दोन्ही बाजूंना मथळे. ही रचना दुकानातल्या मांडणीतून आलेली आहे. रॅकमध्ये अंक एकमेकांवर चढवून ठेवले की वरचा भाग आणि डावीकडची पट्टी एवढंच दिसतं. म्हणून नाव वर, सर्वात जोरदार मथळा डावीकडे. आपल्याकडे स्टॉलवर अंक आडवे पसरतात किंवा चिमट्याने टांगतात, तिथेही वरचा एक तृतीयांश भागच हमखास दिसतो. महत्त्वाचा मथळा तळाशी टाकला तर तो शेजारच्या अंकाखाली जातो.

मथळे पाच ते सात असतात, कारण एकाच वयाच्या मुलींच्या आवडी एक नसतात. कपड्यांत रस नसलेली मुलगी मैत्रीतल्या भांडणावरच्या लेखासाठी अंक उचलते, दुसरी एखादी प्रश्नमंजूषेसाठी. मथळ्यात आकडा असला की आत किती आहे हे कळतं, 'तू' असलं की बोलणं आपल्याशी चाललंय असं वाटतं. मराठीत 'तुम्ही' घातलं की मथळा पाठ्यपुस्तकासारखा ऐकू येतो, तेव्हा इथे 'तू'च हवं.

या पद्धतीचा मोठा धोका मथळ्यांच्या सुरात आहे. 'तुझ्यात हे कमी आहे, उपाय आत वाच' या सुरातले मथळे अंक खपवतात, पण वाचणारीला स्वतःकडे दोष शोधत पाहायला शिकवतात. फोटोचंही तसंच. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या आठवीतल्या एका मुलीने 'सेव्हन्टीन'कडे मागणी केली की महिन्याला निदान एक फोटोमालिका संगणकावर न बदलता छापा. तिच्या अर्जावर ८० हजारांहून अधिक सह्या झाल्या आणि मासिकाने मुलींचे चेहरे वा शरीराचा आकार बदलणार नाही असं छापून जाहीर केलं. तुमच्या डिझायनरलाही पहिल्याच दिवशी असाच लेखी नियम द्या. कपड्यावरचा धागा, उडालेला केस, तात्पुरती पुटकुळी काढायला हरकत नाही. नाक, कंबर, जबडा आणि त्वचेचा रंग यांना हात लावायचा नाही.

देवनागरीत ही गर्दी वेगळी वागते

इंग्रजी मुखपृष्ठाची नक्कल करताना मराठी अंक बहुतेक इथेच फसतात. रोमन लिपीत कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं असा फरक करून मथळ्यांची उतरंड लावता येते. देवनागरीत ती सोय नाही, त्यामुळे फरक फक्त आकार, जाडी आणि रंग यांतूनच दाखवावा लागतो. सगळे मथळे एकाच जाडीत ठेवले तर काहीच उठून दिसत नाही. दोन जाड्या, तीन आकार आणि फोटोखेरीज दोन रंग एवढ्यावर थांबा.

दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. १३० ते १४० टक्के ठेवा. म्हणजेच जिथे इंग्रजीत चार ओळी बसतात तिथे मराठीत तीन बसतात, आणि सातऐवजी चार-पाच मथळे पुरेत. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. अक्षरांभोवती जाड बाह्यरेषा दिली की अनुस्वार आणि रफार गिळले जातात. 'चंदा'ची 'चदा' अशीच होते. फोटोवर पांढरी अक्षरं हवी असतील तर ती जाड घ्या, कारण छपाईत चार रंग (सायन म्हणजे निळसर, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, पिवळा आणि काळा) केसभर जरी सरकले तरी बारीक पांढऱ्या रेषा बुजतात. काळी अक्षरं मात्र फक्त काळ्या शाईत ठेवा, चारही शायांच्या मिश्रणात नको.

मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'बलू' आणि 'मुक्त' हे फॉन्ट मोफत मिळतात. 'बलू' गोलसर आणि खेळकर आहे, मुख्य मथळ्याला चालतो. 'मुक्त'च्या अनेक जाड्या आहेत, म्हणून उपमथळ्यांना तो बरा. त्यांचाच 'मोदक' अतिशय जाड आहे. तो एका शब्दापुरता ठीक, पूर्ण वाक्यात वाचवत नाही.

मोकळं मुखपृष्ठ

'टीन व्होग' २००३ च्या सुरुवातीला आलं, तेही नेहमीच्या मासिकाहून लहान आकारात: सुमारे १७ सेंमी बाय २३ सेंमी. दप्तरात सहज मावणारा हा आकार हाच त्याचा मोठा गुण होता. पुढच्या काळात त्यात राजकारण आणि समाजाचे विषय ठळकपणे येऊ लागले. छापील मासिक २०१७ अखेर बंद झालं.

कमी मथळ्यांचं मुखपृष्ठ वाचणारीला मोठं समजतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना ते जास्त भावतं, कारण त्यांना 'लहान मुलींचं' काही हातात धरायचं नसतं. फोनवरही हेच टिकतं: अंगठ्याच्या नखाएवढ्या चित्रात सात मथळे म्हणजे नुसते ठिपके. पण इथे सगळा भार फोटोवर येतो. फोटो सामान्य असेल तर झाकायला काही उरत नाही. वर्षाचे बारा अंक काढायचे असतील आणि चांगला छायाचित्रकार हाताशी नसेल, तर या वाटेला जाऊ नका. त्रैमासिकाला जमू शकतं.

फोटो घेताना नावासाठी डोक्यावर जागा सोडा. पानाच्या उंचीचा पाचवा भाग पुरतो. छापायच्या आकारात ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) हवा आणि कापणीसाठी चारही बाजूंनी ३ मिमी जास्तीचं चित्र. सावळ्या त्वचेची छपाई अनेकदा बिघडते, आणि मग डिझायनर घाईने चेहरा उजळ करतो. दोष त्वचेत नसतो, शाईच्या प्रमाणात असतो. आपल्याकडच्या त्वचेसाठी पिवळा किंचित जास्त किंवा मॅजेंटाइतकाच ठेवा. मॅजेंटा वाढला की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, सायन आणि काळा वाढला की राखाडी, मळकट दिसतो. उजळवण्याआधी सायन आणि काळा कमी करून छापखान्यातून प्रूफ (नमुना छपाई) मागवा. नितळ सावळी त्वचा जशी आहे तशी छापलेली पाहणं हे मराठी मुलींना फार क्वचित मिळतं, आणि मुखपृष्ठ ते देऊ शकतं.

चित्राचं मुखपृष्ठ

'न्यू मून' १९९० च्या दशकात मिनेसोटातल्या डुलुथ शहरात सुरू झालं. जाहिराती नाहीत आणि संपादक मंडळात मुलीच. चित्राचा फायदा उघड आहे: कुणा एकीच्या चेहऱ्याशी, रंगाशी, अंगकाठीशी तुलना होत नाही, आणि विज्ञान, खेळ, पाळीचे दिवस, परीक्षेची भीती असे विषय समोर आणता येतात ज्यांचा फोटो काढणं अवघड असतं. मात्र 'न्यू मून'चा वाचकवर्ग आठ ते चौदा वर्षांचा होता, हे विसरू नका. चौदा ओलांडलेल्या मुलीला गोंडस चित्र दिसलं की ती अंक धाकट्या भावंडाकडे सरकवते. तिच्यासाठी चित्रातली मुलगी तिच्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठी असावी, काहीतरी करत असावी, आणि डोळे-गाल बाहुलीसारखे फुगवलेले नसावेत. चित्रकाराला अंक छापायच्या निदान तीन आठवडे आधी विषय द्या. पेन्सिलच्या कच्च्या आराखड्यावरच नाव आणि मथळे बसवून पाहा, रंगवून झाल्यावर जागा काढता येत नाही.

गुलाबी, बारकोड आणि संमती

गुलाबी रंग वाईट नाही, पण शेजारचे सगळे अंक गुलाबी असतील तर तुमचा दिसणार नाही. पडद्यावरचा झगझगीत गुलाबी चार शायांत येत नाही; त्यासाठी पाचवी, फ्लुओरोसंट शाई लागते, खर्च वाढतो आणि उन्हातल्या स्टॉलवर ती लवकर फिकी पडते. बारकोडच्या रेषा लाल किंवा गुलाबी छापू नका, स्कॅनरच्या लाल प्रकाशाला त्या दिसतच नाहीत. फोटोतली मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकांची लेखी संमती घ्या, तिचीही घ्या, आणि शाळेचा बिल्ला फोटोत येऊ देऊ नका.

कोणाला काय

स्टॉलवर विकायचं असेल तर पहिली पद्धत, चार-पाच मथळ्यांवर आणून. शाळा-कॉलेजच्या वाचनालयात अंक आपोआप पोचत असेल तर विक्रीसाठी ओरडायची गरज नाही. तेरा-चौदापर्यंत चित्र, पुढे मोकळं. फोनवरच वाचला जाणार असेल तर मोकळं, एका मथळ्यासह. पहिली आणि तिसरी मिसळायचा मोह होतो, पण चित्राभोवती सात मथळे लावले की दोन्ही मरतात.

ठरवण्याआधी तिन्हींचे खऱ्या आकारातले प्रिंट काढा आणि त्या वयाच्या दहा मुलींना एकेकीला पाच सेकंद दाखवा. 'आवडलं का' विचारू नका, सगळ्या हो म्हणतात. 'आत काय असेल' विचारा. अंकात नसलेलीच गोष्ट तिघींनी सांगितली, तर चित्र नव्हे, मथळा बदला. कुणालाच काही सांगता आलं नाही, तर चित्र बदला.