सिंगर फेदरवेट २२१ शिलाई मशीन, आठ महिन्यांनंतर: मशीन उत्तम, पेटीचा वास सोडून

कॅन्सस सिटीहून हॅमिल्टन, मिसूरी तासाभराच्या अंतरावर आहे. आय-३५ ने उत्तरेला कॅमेरॉनपर्यंत, तिथून यूएस-३६ ने पूर्वेला. पण गाडीत चार माणसं, कापडाचे गठ्ठे आणि फेदरवेटची काळी पेटी असेल, तर हा तासही मोठा वाटायचा, कारण पेटी कुबट वास मारायची. भारतातून आलेल्या मैत्रिणींना रिट्रीटला, म्हणजे एकत्र जमून गोधड्या शिवायच्या शिबिराला, नेताना पहिली दहा मिनिटं काचा खाली ठेवूनच जावं लागायचं. नाकापेक्षा कापडाचं नुकसान मोठं आहे. सुती कापड आणि बॅटिंग (गोधडीच्या मधला भरावाचा थर) वास धरून ठेवतात. पेटीच्या कप्प्यात दोन दिवस ठेवलेले तुकडे इस्त्रीची वाफ लागली की पुन्हा वास सोडतात.

मशीनबद्दल मूळ माहिती सगळ्यांना असतेच, म्हणून थोडक्यात. १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात हे मॉडेल लोकांसमोर आलं. वजन ११ पौंड, म्हणजे साधारण ५ किलो. फक्त सरळ टीप. गोधडीचे तुकडे जोडायला याहून जास्त काही लागत नाही, आणि टीप इतकी सरळ येते की नवी मशीन घेऊन आलेल्याही वळून बघतात.

वासाबद्दल मात्र मत बदलावं लागलं. सुरुवातीला सगळा दोष पेटीच्या लाकडाचा आणि जुन्या सरसाचा वाटत होता. पेटी सावलीत आठवडाभर उघडी ठेवली, खायचा सोडा भुरभुरला, कोळशाच्या पुड्या ठेवल्या. वास कमी झाला, पण मशीन परत आत ठेवताच आला. मग मशीनचं खालचं झाकण काढलं. मशीन आडवी करायची, मधली नट हाताने फिरवायची, की तेल पकडणारी तबकडी निघते. तिच्यात फेल्टचा (नमद्याचा) तुकडा असतो. तो वर्षानुवर्षांच्या तेलाने काळा आणि चिकट झालेला होता, आणि वासाचं खरं घर तेच निघालं. जुना फेल्ट फेकला, तबकडी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी केली, नवा फेल्ट कापून बसवला. पेटीच्या आतल्या उघड्या लाकडाला शेलॅकचे (लाखेच्या व्हार्निशचे) दोन पातळ हात दिले. आता काचा बंद ठेवता येतात. एक सांभाळायचं: शेलॅकमध्ये स्पिरिट असतं. ते मशीनच्या काळ्या अंगाला लागलं तर चकाकी आणि सोनेरी नक्षी दोन्ही निघून येतात, म्हणून मशीन त्या खोलीतसुद्धा ठेवू नये.

राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. एका दुरुस्तीवाल्याने सर्व्हिसच्या नावाखाली मोटरच्या दोन छोट्या नळ्यांत तेल ओतलं. त्या नळ्या ग्रीससाठी आहेत. तेल आत उतरून ब्रशपर्यंत (मोटरला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांपर्यंत) पोचलं, की मोटर जळका वास सोडते आणि जाड जोडावर दम टाकते. उपाय म्हणजे ब्रश आणि कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो फिरता भाग) पुसून कोरडा करणं आणि नळ्यांत मोटर ग्रीसच भरणं. बाकी जिथे धातूवर धातू घासतो तिथे शिलाई मशीनचं तेल, एकेक थेंब. हुकला (दोरा पकडून टाका घालणाऱ्या खालच्या फिरत्या भागाला) रोजच्या कामाच्या सुरुवातीला एक थेंब पुरतो. पट्टाही ताणून बसवू नये, बोटाने दाबला तर थोडा दबला पाहिजे. ताण जास्त झाला की मोटर तापते.

पाहुण्यांच्या हाती देताना दोन गोष्टी आधी सांगाव्यात. सुईची सपाट बाजू डावीकडे येते आणि दोरा उजवीकडून डावीकडे ओवायचा. हल्लीच्या मशीनवर सपाट बाजू मागे असते, म्हणून इथे हमखास चूक होते आणि टाके सुटतात. आणि सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं धरून तीन टाके घ्यायचे. तसं न केल्यास दोरा हुकमध्ये गुंडाळतो आणि चाक अडकतं. अडकलंच तर जोर न करता हुकवर तेल टाकून चाक पुढे-मागे हलकं हलवायचं. बॉबिनही २२१ ला चालणारीच लागते, दिसायला तशीच असलेली दुसरी बसेलच असं नाही.

रिट्रीटच्या घडीच्या टेबलावर मशीन सरकते. कारण तळाच्या चार रबरी टाचा दगडासारख्या झालेल्या असतात. त्या बदलल्या की काम निभतं. इस्त्र्या मात्र वेगळ्या सर्किटवर लावा. तिथल्या १५ अँपिअरच्या लाइनवर साधारण १८०० वॅटच निघतात, दोन इस्त्र्या लागल्या की फ्यूज उडतो आणि सगळ्या मशीन एकदम थांबतात.

शिवण सरळ ठेवणारी पट्टी मशीनवर पाव इंच मोजूनच लावा. कापडाच्या दीड इंची तीन पट्ट्या एकमेकींना जोडा, मधली बरोबर १ इंच उरली पाहिजे. शिवण १/१६ इंच जास्त घेतली तर प्रत्येक जोडामागे १/८ इंच जातो, आठ जोडांत पूर्ण इंच. चौकोन मग कुठेच जुळत नाहीत.

जुन्या साड्यांची पाच-सहा थरांची गोधडी या मशीनवर शिवायला जाऊ नका. सुईच्या उजवीकडची जागा थोडी आहे, गुंडाळी आत मावत नाही आणि दाबाचा पाय तितका उचलला जात नाही. तो भाग हाताने धावदोऱ्यानेच घालावा. मैत्रिणींनी तेच केलं आणि टाके इतके एकसारखे आले की शेजारच्या टेबलावरच्या बायका हातातलं काम ठेवून बघायला आल्या.

पुण्याला न्यायची असेल तर मोटरवरची पट्टी आधी वाचा. अमेरिकेतली मशीन ११० व्होल्टची असते, ती २३० ला लावली की मोटर जळते. १५० वॅटचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावला की पुरतं. ब्रिटनमध्ये विकलेल्या २२१के मध्ये जास्त व्होल्टेजच्या मोटरही मिळतात, त्यांना ट्रान्सफॉर्मर लागत नाही.